पाळीव सापाच्या एन्क्लोजरसाठी उष्णतेची सोय: हीट मॅट, बल्ब की सिरॅमिक एमिटर?

बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक पाळणारी मुलं आता कोल्हापूरसारख्या शहरातही भेटतात. साप आणायच्या आधी बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "त्याला ऊब कशानं द्यायची?" यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिका-युरोपचे. तिथली थंडी वेगळी, व्होल्टेज वेगळं, होल्डरसुद्धा वेगळे. म्हणून हा लेख आपल्याकडची हवा आणि आपल्याकडची वायरिंग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. उदाहरणादाखल कसबा बावडा घेतलंय, पण सांगली, सातारा, पुणे इथेही हिशोब जवळपास हाच राहतो.

थोडक्यात उत्तर

- काचेचं छोटं एन्क्लोजर असेल तर बाहेरून खालच्या काचेला लावलेली हीट मॅट आणि थर्मोस्टॅट.
- लाकडी किंवा पीव्हीसीचं मोठं एन्क्लोजर असेल तर छताला जाळीत बसवलेला सिरॅमिक हीट एमिटर किंवा रेडिएंट हीट पॅनल, आणि थर्मोस्टॅट.
- हॉट रॉक, उघडा बल्ब, रूम हीटर आणि इलेक्ट्रिक ब्लँकेट कधीच नाही.
- थर्मोस्टॅट नसेल तर कुठलंही हीटर सुरक्षित नाही, कितीही महागडं असलं तरी.

घाई असेल तर एवढं पुरे. पण "का" हे कळलं तर चुकीची वस्तू गळ्यात पडणार नाही, म्हणून पुढचं वाचा.

आधी कायद्याचं बघा

भारतात सापडणारा कुठलाही साप घरात पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. नाग, धामण, दिवड, मांडूळ, अजगर यातला कोणताही चालत नाही. "पिल्लू होतं, जखमी होतं, थंडीत काकडत होतं" ही कारणंही चालत नाहीत. बावड्यात घराला लागून उसाची शेतं आहेत, त्यामुळे साप घरात येणं नवीन नाही. असा साप दिसला तर त्याला खोक्यात घालून बल्बखाली ठेवू नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

परदेशी प्रजातींचं गणित वेगळं आहे. बॉल पायथन साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतो. अशा प्राण्यांसाठी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं नोंदणीचे नियम काढले आणि ही नोंदणी परिवेश २.० या पोर्टलवर होते. प्राणी घेतला, दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तर तेही कळवावं लागतं. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही, तरी खरेदीचं बिल जपून ठेवा. विकणारा कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर हीटरचा विचार पुढे नेऊच नका, तिथून निघा.

सापाला बाहेरची ऊब का लागते?

माणसाचं शरीर स्वतःची उष्णता स्वतः तयार करतं. साप ते करत नाही. त्याच्या शरीराचं तापमान आजूबाजूच्या जागेवर ठरतं. अंग गरम करायचं तर उबेला जायचं, थंड करायचं तर सावलीला जायचं, हाच त्याचा उपाय.

खाल्लेला उंदीर पचवायलाही ऊब लागते. तापमान कमी राहिलं तर पचन मंदावतं, अन्न पोटात सडायला लागतं आणि साप ते उलटून टाकतो. प्रतिकारशक्तीही उतरते, श्वसनाचे आजार होतात.

म्हणून एन्क्लोजरमध्ये एकसारखं तापमान नको असतं. एक बाजू उबदार आणि दुसरी थंड हवी, मधे उतरता जिना असल्यासारखं. साप स्वतः जागा निवडतो. दोन्ही बाजूंना लपायला एकेक जागा द्या, नाहीतर भित्रा साप लपण्यासाठी चुकीच्या तापमानात पडून राहतो.

साधारण लक्ष्य असं ठेवा:

- बॉल पायथन: उबदार जागा ३१ ते ३२ अंश, थंड बाजू २५ ते २७ अंश. रात्री २३-२४ च्या खाली नको.
- कॉर्न स्नेक: उबदार जागा २९ ते ३० अंश, थंड बाजू २२ ते २५ अंश. रात्री २० पर्यंत चालतं.

सगळे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत. परदेशी व्हिडिओत ८८-९० ऐकलंत तर ते फॅरनहाइट आहे. थर्मोस्टॅटचं युनिट एकदा तपासाच.

कोल्हापूरच्या हवेत किती हीटर लागतं?

इथेच आपली आणि परदेशी व्हिडिओंची फारकत होते. लंडनमधल्या माणसाला वर्षभर हीटर लागतं. आपल्याला तसं लागत नाही.

- मार्च ते मे: बाहेर ३५ च्या पुढे जातं. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या खोलीत त्याहून जास्त. इथे प्रश्न थंडीचा नाही, उकाड्याचा आहे. थंड बाजू ३० च्या वर राहायला लागली तर साप अडचणीत येतो. पूर्ण एन्क्लोजरच ३५ च्या पुढे गेलं तर जिवावर बेतू शकतं.
- जून ते सप्टेंबर: खोली साधारण २२ ते २७. थोडी ऊब लागते, दमटपणा आपोआप मिळतो. पण दमट हवेत वायरिंगची काळजी जास्त.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: पहाटे बाहेरचा पारा १५ च्या आसपास उतरतो. बंद खोलीत १९-२० राहतं. वर्षातला हीटरचा खरा हंगाम हाच.

म्हणजे आपल्याला खोलीच्या तापमानात फक्त १० ते १२ अंशांची भर घालायची आहे, तीही एका कोपऱ्यात. त्यासाठी १०० वॉटचं अवजड काही लागत नाही. खरेदीच्या आधी एक आठवडा खोलीत कमाल-किमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर ठेवा. त्या दोन आकड्यांवरून किती वॉट लागतील याचा अंदाज येईल.

पर्याय एकेक करून

*हीट मॅट*

प्लास्टिकच्या पातळ थरात गरम होणारी पट्टी असते. उजेड नाही, आवाज नाही, वीज कमी. १४ वॉटची मॅट २४ तास सलग चालली तरी दिवसाला ०.३४ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १० युनिट. थर्मोस्टॅट लावला की त्याहून कमी.

लावताना चार गोष्टी पाळा. मॅट काचेच्या बाहेरून, खालच्या बाजूला. जमिनीचा साधारण एक तृतीयांश भागच झाकायचा. एन्क्लोजरच्या खाली रबरी पाय लावून हवेला जागा ठेवायची, कारण टेबलावर दाबून बसलेली मॅट उष्णता कोंडून घेते. आणि मॅटच्या वर भुसा किंवा कोको पीटचा जाड थर नको. वरून थंड वाटतं, पण साप खाली उकरत थेट काचेपर्यंत जातो आणि तिथली काच पोळत असते.

लाकडी पेटीखाली मॅट लावू नका. लाकूड उष्णता वर जाऊ देत नाही, ती मॅटमध्येच साठत राहते. आणखी एक मर्यादा म्हणजे मॅट पृष्ठभाग तापवते, हवा फारशी नाही. आपल्याकडे बहुतेक महिने तेवढं पुरतं.

*सिरॅमिक हीट एमिटर*

दिसायला बल्बसारखा, पण उजेड देत नाही. रात्रंदिवस वापरता येतो आणि हवाही तापवतो. मोठ्या पेटीसाठी चांगला. पण याचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जाऊ शकतो, म्हणून दोन अटी आहेत.

पहिली: भोवती लोखंडी जाळीचं कव्हर. साप त्याच्यावर वेटोळं घालू शकला नाही पाहिजे.

दुसरी: होल्डर पोर्सेलीनचाच. इथे आपल्याकडची खास अडचण येते. आपल्या घरातले होल्डर दोन खाचांचे, बल्ब दाबून फिरवायचा असे असतात. एमिटर मात्र आट्यांचा असतो. मग दुकानातून प्लास्टिकचा कन्व्हर्टर आणून घरच्याच होल्डरला जोडायचा मोह होतो. तसं करू नका. तो एलईडी बल्बसाठी ठीक आहे, एमिटरच्या उष्णतेनं तो मऊ पडतो, वितळतो, आणि आग लागायला एवढं कारण पुरतं. वायरमनकडून आट्यांचा पोर्सेलीन होल्डर आणि उष्णता सोसणारी वायर घालून घ्या.

*हॅलोजन आणि डीप हीट प्रोजेक्टर*

हॅलोजनची ऊब उन्हाच्या जवळ जाणारी असते, ती त्वचेखाली खोलवर पोचते. पण उजेड देतो, त्यामुळे फक्त दिवसा. डीप हीट प्रोजेक्टर जवळपास तशीच ऊब देतो आणि त्याला दिसण्याजोगा उजेड नसतो. दोन्हींना जाळी, पोर्सेलीन होल्डर आणि डिमिंग थर्मोस्टॅट हवा. साधा चालू-बंद थर्मोस्टॅट हॅलोजनला सारखा लुकलुकवतो आणि बल्ब लवकर जातो.

*रेडिएंट हीट पॅनल*

छताला सपाट बसणारं पॅनल. पृष्ठभाग एमिटरइतका तापत नाही, त्यामुळे मोठ्या पायथनसाठी उत्तम. चार फुटी पेटी असेल तर याचा विचार करा.

*पोल्ट्रीचा लाल बल्ब*

कोंबडीच्या पिल्लांसाठी वापरतात तो. आपल्याकडे सहज मिळतो म्हणून लोक आणतात. एका मोठ्या शेडसाठी केलेली ही वस्तू दोन फुटी पेटीसाठी फार ताकदीची आहे. शिवाय रात्रभर लाल उजेडात सापाचं दिवस-रात्रीचं चक्र बिघडतं.

*हॉट रॉक*

दगडाच्या आकारात हीटर. दिसायला मस्त, वापरायला सगळ्यात वाईट. आतली तार एकसारखी तापत नाही, एखादा ठिपका भलताच गरम होतो. थंडी वाजणारा साप ऊब मिळते म्हणून पोळत असतानाही त्यावर पडून राहतो. पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, अंधारात ते उंदीर शोधू शकतात. तरीही पोटाखालच्या चटक्यापासून ते स्वतःला वाचवतीलच असं धरून चालू नका.

थर्मोस्टॅट म्हणजे काय, आणि पंख्याचा रेग्युलेटर का चालत नाही?

रेग्युलेटर किंवा डिमर फक्त ताकद कमी-जास्त करतो. आत किती अंश झाले हे त्याला माहीतच नसतं. जानेवारीच्या पहाटे बरोबर जमवलेलं सेटिंग एप्रिलच्या दुपारी सापाला भाजतं. रात्री व्होल्टेज वाढलं तरी तेच.

थर्मोस्टॅट मात्र सेन्सरनं तापमान मोजतो आणि त्यावरून हीटर चालू-बंद करतो. कोडच्या भाषेत सांगायचं तर रेग्युलेटर ही एकदा लिहिलेली संख्या आहे आणि थर्मोस्टॅट हा सारखा तपासत राहणारा लूप आहे.

आपल्याकडे अंडी उबवण्याच्या मशीनमध्ये वापरतात तो एसटीसी-१००० सहज मिळतो. मॅटला आणि एमिटरला तो चालतो. त्याला दोन रिले असतात, एक गरम करण्यासाठी आणि एक थंड करण्यासाठी. जोडणी गरम करण्याच्या रिलेवर करायची. चार सेटिंग असतात: एफ१ म्हणजे हवं ते तापमान, एफ२ म्हणजे किती फरक पडला की चालू करायचं, एफ३ म्हणजे फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठीचा थांबा, एफ४ म्हणजे सेन्सरची दुरुस्ती. बॉल पायथनसाठी एफ१ ला ३२, एफ२ ला ०.५ अशी सुरुवात ठीक. हे युनिट उघड्या टर्मिनलचं असतं. त्याला बंद बॉक्समध्ये बसवायचं काम जाणकार वायरमनकडून करून घ्या.

सेन्सर कुठे ठेवायचा?

निम्मे अपघात इथे होतात. थर्मोस्टॅटला फक्त सेन्सरचं टोक जिथे आहे तिथलं कळतं.

- मॅट असेल तर सेन्सर मॅट आणि काच यांच्या मधे, बाहेरच्या बाजूला चिकटवा. आतल्या काचेचं तापमान मॅटपेक्षा थोडं कमी असतं, ते वेगळं मोजून एफ१ जुळवा.
- वरून उष्णता देत असाल तर सेन्सर उबदार जागेवर, सापाच्या पाठीच्या उंचीवर, पक्का बांधा.
- आत चिकटपट्टी कधीच वापरू नका. साप तिला चिकटतो आणि सोडवताना खवले निघतात.

सेन्सर सैल असेल तर साप त्याला ढकलून थंड बाजूला किंवा पाण्याच्या भांड्यात नेतो. थर्मोस्टॅट म्हणतो, "अजून २४ च आहे," आणि हीटर थांबतच नाही. उपकरण बरोबर काम करत असतं, माहिती चुकीची मिळत असते.

थर्मोस्टॅटच बिघडला तर?

रिले चिकटून "कायम चालू" अवस्थेत अडकू शकतो. म्हणून दोन थर्मोस्टॅट एकापुढे एक लावा. प्लगमधून वीज आधी दुसऱ्या, म्हणजे सुरक्षेच्या थर्मोस्टॅटला, तिथून रोजच्या थर्मोस्टॅटला, तिथून हीटरला. रोजचा ३२ वर, सुरक्षेचा ३५ वर. दोघांचे सेन्सर वेगळे पण एकाच जागी. पहिला अडकला तर दुसरा तोडतो. उबदार जागा ३५ दिसायला लागली की समजायचं, पहिला गेला.

शिवाय हीटर गरजेपुरतंच घ्या. छोट्या पेटीला १५० वॉटचा एमिटर लावून थर्मोस्टॅटच्या भरवशावर बसण्यापेक्षा ४०-६० वॉटचा लावा. सगळं बिघडलं तरी तो मर्यादेतच तापेल.

वायरिंगची यादी

१. सॉकेटला खरं अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून टेस्ट करून घ्या. तिसरं भोक दिसतं म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही.
२. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. एमसीबी वायरिंग वाचवतो, विजेचा धक्का लागणाऱ्या माणसाला वाचवत नाही.
३. प्रत्येक तार सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी ओघळलं तर झोळातून खाली पडतं, सॉकेटमध्ये जात नाही.
४. पाण्याचं भांडं थंड बाजूला ठेवा, मॅटच्या वर नाही.
५. एक्स्टेन्शन बोर्डला दुसरा एक्स्टेन्शन जोडू नका. बोर्ड आयएसआय मार्कचाच घ्या.
६. पडदा, गादी, पुठ्ठा हीटरपासून लांब.
७. महिन्यातून एकदा मॅट तपासा. काळा डाग, फुगवटा किंवा दुमड दिसली तर ती लगेच टाकून द्या.

मोबाईल यात किती उपयोगी?

मोबाईलनं एन्क्लोजरचं तापमान मोजता येत नाही. "थर्मामीटर" नावाची ॲप्स एकतर हवामान खात्यासारख्या ऑनलाइन स्रोताचा आकडा दाखवतात, नाहीतर फोनच्या बॅटरीचं तापमान.

वाय-फाय स्मार्ट प्लग हाही थर्मोस्टॅट नाही. टायमर लावून हीटर चालवणं म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणं. लाइट जाऊन आली की बरेच प्लग बंद राहतात, काही चालू होतात, त्यामुळे ॲपमधलं ते सेटिंग बघा. ब्लूटूथ किंवा वाय-फाय थर्मामीटर मात्र घ्या. फोनवर ग्राफ दिसतो, मर्यादा ओलांडली की नोटिफिकेशन येतं. पण नियंत्रण थर्मोस्टॅटकडेच, फोनकडे फक्त पहारा.

कोविडच्या काळात घेतलेली इन्फ्रारेड गन घरात असेल तर तिचा बॉडी मोड बदलून सरफेस मोड लावा. ही गन काचेतून आरपार बघत नाही, बाहेरून मारली तर बाहेरच्या काचेचंच तापमान दाखवते. झाकण उघडून आतल्या पृष्ठभागावर मारा.

लाइट गेली किंवा पूर आला तर

बावडेकरांना पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी वेगळी सांगायला नको. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तर हे आकडे लहान मुलांनाही पाठ आहेत. पाणी वाढलं की सुरक्षेसाठी वीजपुरवठा बंद करावा लागतो आणि तो कधी कधी काही दिवस येत नाही.

त्यातली दिलाशाची बाजू अशी की जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या खोलीचं तापमान सहसा २२ च्या खाली जात नाही. निरोगी प्रौढ साप त्यात दोन-तीन दिवस निभावतो. करायचं ते एवढंच:

- पूर येण्याची चिन्हं दिसली की खायला देणं थांबवा. ऊब नसताना पोटात उंदीर असणं जास्त वाईट.
- एन्क्लोजर जमिनीवर नको, वरच्या मजल्यावर न्या. प्लग काढून ठेवा.
- बाहेर पडायची वेळ आली तर कापडी पिशवीत साप, गाठ पक्की, आणि पिशवी हवेची भोकं असलेल्या झाकणाच्या डब्यात.
- गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाहेरून टेकवा. आत ठेवू नका.
- इन्व्हर्टर असेल तर १५० एएचची भरलेली बॅटरी एकट्या मॅटला दिवसभर सहज चालवते. एमिटरला तेवढा वेळ पुरणार नाही.
- निवारा केंद्रात किंवा पाहुण्यांकडे जाणार असाल तर साप बरोबर आहे हे आधी सांगा. कागदपत्रांची प्रत फोनमध्ये ठेवा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. थोडा गारठा साप सोसतो, जास्त उष्णता सोसत नाही. शंका आली की हीटर बंद करणं हीच सुरक्षित बाजू.

भाजल्याची खूण कशी ओळखाल?

पोटाकडचे खवले लालसर किंवा तपकिरी दिसणं, फोड, ओलसर चट्टा, कात टाकताना तेवढाच भाग चिकटून राहणं. असं काही दिसलं तर हीटर लगेच बंद करा. भाग साध्या गार पाण्यानं धुवा, बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तेल काहीही लावू नका. भुसा काढून खाली स्वच्छ पांढरा कागद अंथरा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. असा डॉक्टर प्रत्येक गावात नसतो, म्हणून साप घ्यायच्या आधीच त्याचा नंबर शोधून ठेवा.

साप आणायच्या आधीची चाचणी

सगळं जोडून झालं की एन्क्लोजर रिकामंच ४८ तास चालवा. पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना दोन्ही बाजूंचे आकडे लिहा. मग सेन्सर मुद्दाम काढून गार पाण्याच्या ग्लासात ठेवा, आणि उबदार जागा किती अंशांपर्यंत चढते ते बघा. सुरक्षेचा दुसरा थर्मोस्टॅट वेळेवर तोडतोय का, हे इथेच कळेल. शेवटी मेन स्विच पाडून पुन्हा चालू करा आणि थर्मोस्टॅटची सेटिंग टिकली का बघा.

या तिन्ही चाचण्या पास झाल्या की साप आणा. एखादी नापास झाली तर आधी ती दुरुस्त करा. रिकाम्या पेटीत सापडलेला बिघाड कुणाला चटका देत नाही.